ठेवते हं

दोन्ही मुलांचं एखाद्या गोष्टीवर एकमत झालं की ऑपरेटरबाई सावध व्हायच्या.

थोरला आणि धाकटी लहानपणापासून विळ्या-भोपळ्यासारखी. एकाने खिडकी उघडली की दुसरीला थंडी वाजायची. पुढे लग्नं झाली, दोघांच्या डोक्यात पांढरं दिसायला लागलं, तरी फोनवर बोलताना अजून एकमेकांचं वाक्य पुरं होऊ द्यायची नाहीत. आणि हीच दोघं आता आपसात बोलून, ठरवून, आईला एकेक नवा फोन देतात? पाणी कुठेतरी मुरत होतं.

बाईंना सगळी आळी ऑपरेटरबाई म्हणायची. उभं आयुष्य त्यांनी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढलं होतं. कानावर हेडफोन, समोर भोकाभोकांचा उंच बोर्ड, हातात दोर. या भोकातला दोर काढायचा, त्या भोकात खुपसायचा, की इकडचा माणूस तिकडच्याशी बोलायला लागायचा. ते एक्स्चेंज केव्हाच पाडलं, तिथे आता गाड्या उभ्या करतात. नाव मात्र राहिलं. आणि कामावरची एक खोडही राहिली. बोलणाऱ्याच्या आवाजावरून तो काय लपवतोय हे त्यांना कळायचं, निदान कळतं असं त्यांना वाटायचं.

तर झालं होतं असं, की बाईंचा बटणांचा जुना फोन एका सकाळी मेला. त्यांना पत्ताही नाही. थोरल्याने तिकडून पंधरा वेळा लावला असेल. शेवटी तो हातातलं काम टाकून धावत आला आणि दार बडवायला लागला. बाई डोक्यावरून पाणी घेत होत्या. केस पुसत पुसत त्यांनी दार उघडलं तर समोर अर्धी इमारत उभी, आणि एकजण कुलूप तोडायला पहार घेऊन तयार.

"अरे, कोण गेलं?" बाईंनी विचारलं.

लोक हसले. थोरला हसला नाही. पांढराफटक पडला होता बिचारा.

त्यानंतरच्या रविवारी तो सुनेला घेऊन आला आणि टेबलावर एक फोन ठेवला. पाटीएवढा. उघडला की चारच चौकटी, वीट मावेल एवढाल्या. एकीवर त्याचा फोटो, एकीवर सुनेचा, एकीवर धाकटीचा, चौथीवर लाल रंगात डॉक्टर. 

"सगळ्यात सोपा," थोरला म्हणाला. "दाबला फोटो की लागला फोन. आणि उचललास की आवाज आपोआप मोठा, कानाला लावायचीसुद्धा गरज नाही."

"मी बहिरी नाही."

"तुला कोण बहिरी म्हणतंय?"

"मग एवढी मोठी अक्षरं कशाला? आंधळी आहे?"

सून खिडकीबाहेर बघत होती. ती दवाखान्यात रक्त तपासायच्या खोलीत काम करायची. बोलणं मोजकं, काचेच्या नळ्या हाताळताना माणूस बोलेल तसं. बाईंना तिचा आवाज कधी वाचता आला नव्हता, आणि ज्याचा आवाज वाचता येत नाही त्याच्यावर त्यांचा विश्वास बसायचा नाही.

धाकटी दूरच्या शहरात राहायची. तिचा फोन दुसऱ्याच दिवशी पार्सलने आला. पातळ, काळाभोर, आरशासारखा चकचकीत. पाठोपाठ तिचा आवाज: "आई, दादाचं ते खेळणं वापरू नकोस. हा माझा आहे, एकच वर्ष वापरलाय. हा तुझा चेहरा ओळखतो. काही दाबायला नको, नुसतं बघायचं."

"आणि ठरलंय काय तुमचं?"

"ठरलंय म्हणजे? दोन्ही आठ दिवस वापर. जो सोपा वाटेल तो ठेव. दादा रविवारी येऊन बघेल तुला जमतंय का."

"आणि नाही जमलं तर?"

पलीकडे धाकटी क्षणभर गप्प झाली. उभ्या जन्मात ती कधी गप्प झाली नव्हती. "नाही जमलं तर मग... दादा म्हणतोय, दुसरा विचार करू."

तो दुसरा विचार कोणता, हे बाईंना सांगायची गरज नव्हती. दार बडवल्याच्या प्रकारानंतर दोनच दिवसांनी त्या थोरल्याच्या घरी गेल्या होत्या. मागच्या छोट्या खोलीत सून एक कपाट पुसत होती. रिकामं. ज्या घरात चमचा ठेवायला जागा नाही, त्या घरात आख्खं रिकामं कपाट! बाईंना दारात पाहिलं आणि सुनेने पटकन ते लावून घेतलं होतं. तेव्हाच बाईंच्या मनात पाल चुकचुकली होती.

त्यांच्या स्वतःच्या दोनच खोल्या. पण गॅलरीत सकाळी ऊन यायचं, बाजार चालण्याच्या अंतरावर, आणि किल्ली त्यांच्या कमरेला. या वयात माणसाच्या हातात दुसरं असतं काय? आणि आता त्या किल्लीचा निकाल दोन फोन लावणार होते.

वरच्या मजल्यावरच्या शिंपीणबाई दुपारी हातातलं काम घेऊन खाली यायच्या, कारण बाईंच्या खिडकीशी उजेड चांगला. तोंडात टाचण्या धरून बोलायची त्यांना सवय होती, त्यामुळे त्या बोलायच्या ते सगळं गुपितच वाटायचं.

"ऑपरेटरताई, ही परीक्षा आहे," पडद्याची तुरपाई करत त्या म्हणाल्या. "मुलींना बघायला यायचे ना पूर्वी, तशी."

"ते मलाही कळतंय. पण मी नापास व्हावं असं कोणाला वाटतंय, ते कळायला हवं."

"सुनेला."

"मग!"

परीक्षेचा अभ्यास सुरू झाला. खरं सांगायचं तर दोन्ही फोन आपापल्या परीने वाईट होते. पाटीएवढा फोन बाईंना लहान मूल समजायचा. चुकून कुठे बोट लागलं की मोठ्या आवाजात विचारायचा, आपल्याला मदत हवी आहे का? दुसरा त्यांना ओळखायचाच नाही. सकाळी चष्म्यासकट ओळख दिली, दुपारी चष्मा काढला तर हा परका. केस विंचरले तर ओळख, डोकं बांधलं तर नाही.

"कवळी काढल्यावर ओळखतो का बघा," शिंपीणबाई म्हणाल्या.

बघितलं. नाही ओळखलं.

"शहाणा आहे," बाई म्हणाल्या. "कवळी काढल्यावर मला माझ्या नवऱ्यानेही ओळखलं नसतं."

पाटीएवढ्या फोनचं उचलणं सोपं होतं, हिरव्यावर बोट टेकवलं की झालं. काळ्याचं वर सरकवायचं की खाली, हे तो त्या त्या वेळी ठरवायचा. जुना फोन मिटला की आपोआप बंद व्हायचा; या दोन्हींची बंद करण्याची तऱ्हा मात्र एकच, आणि ती बाईंना पटलेली नव्हती. थोरल्याने दाखवलं होतं, "बोलणं झालं की हे लाल दाबायचं. कट."

'कट' या शब्दाने त्यांच्या अंगावर काटा आला होता. एक्स्चेंजमध्ये दोन गोष्टी वेगळ्या असत. फोन ठेवायचं गिऱ्हाइकाने. त्याने रिसीव्हर जागेवर पालथा घातला की बोर्डावर इवलासा दिवा लागायचा, मग ऑपरेटरने दोर काढायचा. दिवा लागायच्या आत दोर ओढला तर त्याला म्हणत लाइन तोडणं. लाइन तोडणारीला सुपरवायझर सगळ्यांदेखत उभी करायची. माणूस बोलतोय आणि त्याच्या तोंडावर तोडायची, म्हणजे जेवणाऱ्याच्या पुढचं ताट ओढण्यासारखं.

म्हणून आता बाई काय करायच्या, बोलणं संपलं की "ठेवते हं" म्हणायच्या आणि फोन टेबलावर ठेवायच्या. रिसीव्हर घालावा तसा, पालथा. पडदा खाली गेला, उजेड दिसेनासा झाला, म्हणजे ठेवला. थोरला आणि धाकटी घाईची माणसं, "ठेवते" मधला 'ते' ऐकायलाही थांबायची नाहीत, त्याआधीच त्यांच्याकडून बंद. त्यामुळे काही अडलं नाही.

सुनेचा फोन दुपारी तिच्या जेवणाच्या सुट्टीत यायचा. पूर्वी ती असा रोज फोन करत नसे. आता रोज. बाईंनी हेही मनात टिपून ठेवलं.

"आई, जेवलात?"

"जेवले."

"फोन जमतोय?"

"न जमायला काय झालं? ठेवते हं."

असं दोन-तीन दिवस चाललं. मग एक दिवस सून सहज म्हणाली, "आई, गुडघा फार दुखत असेल तर शेकून बघा."

बाई चपापल्या. गुडघ्याचं त्यांनी सुनेला सांगितलं नव्हतं. मुलालाही नाही, मुलीलाही नाही. परीक्षेच्या आधी दुखण्याचं कोण सांगतंय? बोलल्या होत्या त्या एकट्या शिंपीणबाईंशी, आदल्या दुपारी, याच खोलीत.

दुसऱ्या दिवशी सून म्हणाली, "उन्हाचं बाजारात जाऊ नका हं. कलती दुपार होऊ द्या."

"मी बाजारात जाणार आहे, हे हिला कोणी सांगितलं?" बाईंनी फोन पालथा घालून शिंपीणबाईंना विचारलं. "तुम्ही?"

"माझ्याकडे तिचा नंबरही नाही!" शिंपीणबाईंनी टाचण्या तोंडातून काढल्या, म्हणजे गोष्ट गंभीर होती. "ताई, हा फोन चुगलखोर आहे. एक गिऱ्हाईक सांगत होतं, हल्ली फोनमध्ये ठिपका असतो. आपण जाऊ तिथे तो ठिपका जातो, आणि घरबसल्या दुसऱ्याला नकाशावर दिसतो."

"बाजाराचं ठीक आहे. मी काल-परवाही तिथे गेले होते. पण गुडघा? गुडघ्याचाही ठिपका असतो?"

"पावलं मोजतात हो ते. कमी चाललात की कळतं त्यांना, दुखतंय म्हणून."

बाईंनी पालथ्या फोनकडे असं पाहिलं, जसं शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाने आपल्या पिशवीत हात घातल्यावर पाहावं. मग त्यांच्यातली ऑपरेटर जागी झाली. तक्रार आली की आधी लाइन तपासायची.

"तुम्ही उद्या सकाळी अस्तर आणायला स्टेशनकडे जाणार ना?"

"जाणार."

"हा घेऊन जा पिशवीतून. मी घरातून हलणार नाही. दुपारी ती स्टेशनचं काही बोलली, की हातच्या काकणाला आरसा नको."

ठरल्याप्रमाणे फोन स्टेशनपर्यंत फिरून आला. बाई सकाळभर घरात बसून होत्या, गॅलरीतसुद्धा गेल्या नाहीत. दुपारी फोन वाजला. शिंपीणबाई समोरच बसल्या होत्या.

"आई, जेवलात?"

"जेवले."

"बरं. सकाळी स्टेशनकडे काय काम काढलं होतं?"

शिंपीणबाईंच्या मांडीवरून अस्तराचा गठ्ठा घसरला. कसंबसं "काही नाही, ठेवते हं" म्हणून बाईंनी फोन टेबलावर घातला, मग लगेच उचलला, टॉवेलमध्ये गुंडाळला आणि कपड्यांच्या कपाटात खाली कोंबला.

आता उरला काळा. बाईंनी त्याच्याशी जुळवून घ्यायचं ठरवलं. पण नाकापेक्षा मोती जड. संध्याकाळी धाकटीचा फोन आला तेव्हा त्यांचे हात ओले होते, ओल्या बोटाला तो दाद देईना. पुसून आल्या तर बंद. आपण लावावा म्हटलं तर तो ओळख मागायला लागला. चष्म्यासकट, चष्म्याविना, उजेडाकडे तोंड करून, अंधाराकडे तोंड करून, शेवटी हसूनसुद्धा दाखवलं. त्या मेल्या आरशाला पाझर फुटला नाही. धाकटीने घाबरून थोरल्याला कळवलं. थोरल्याने पाटीएवढ्या फोनवर लावला, तो टॉवेलात गुदमरून वाजत राहिला आणि कपाटाच्या दाराआड बाईंना काही ऐकू आलं नाही. मग कुठूनतरी वरच्या शिंपीणबाईंचा नंबर शोधून त्याने त्यांना फोन केला, आणि त्या धापा टाकत खाली आल्या.

त्यांच्याच फोनवर थोरला बोलला. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो हळू बोलला. "आई, दोन फोन आहेत तुझ्याकडे. दोन. आणि तरी तू लागत नाहीस. परवा, रविवारी येतोच आहे. मग शांतपणे बोलू."

बाईंना त्या रात्री झोप लागली नाही. झोपेऐवजी ते रिकामं कपाट डोळ्यांसमोर उभं राहिलं.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, त्यांनी टॉवेल सोडला. ठिपका तर ठिपका, निदान उचलता तरी येतो. दुपारी सुनेचा फोन आला.

"आई, जेवलात?"

"जेवले."

"उद्या आम्ही येतोय."

"माहीत आहे. ठेवते हं."

फोन टेबलावर पालथा गेला. शिंपीणबाईंनी सुईत दोरा ओवला आणि त्या वाट पाहत बसल्या. बाईंनी पालथ्या फोनकडे एकदा रागाने पाहिलं. मग बांध फुटला.

"इकडे आड, तिकडे विहीर. जमत नाही म्हणावं तर ही म्हातारी एकटी राहायच्या लायकीची नाही. जमतं म्हणावं तर तो ठिपका जन्मभर गळ्यात. मी कुठे जाते, किती चालते, गुडघा कुठला दुखतो, सगळं त्या बाईला दवाखान्यात बसून दिसणार. एक दिवस म्हणेल, आज चार पावलं कमी चाललात, भरा सामान. कपाट पुसून ठेवलंच आहे. मला बघून लावून घेतलं हो तिने! चोराच्या मनात चांदणं. मुलाचं मला काही वाटत नाही, तो भोळा आहे, ती सांगेल ते करतो. हिचाच डाव. मागच्या खोलीत मला ठेवली की हिला घरात फुकटची राखण. मी तिथे काय करू? गॅलरी नाही, बाजार नाही. त्या खोलीला तर खिडकीसुद्धा भिंतीकडे उघडते. मरेन मी तिथे."

शिंपीणबाईंनी डोळे पुसले. "आणि गोड किती बोलते हो. जेवलात, जेवलात!"

"लोणी लावते. माझा जन्म आवाज ऐकण्यात गेला. त्या आवाजात काही नाही. कोरा."

"आई," टेबल म्हणालं.

शिंपीणबाईंच्या हातात सुई टोचली. 

"आई, तुम्ही फोन ठेवलेला नाही."

दोघी पालथ्या फोनकडे पाहत राहिल्या. बाईंनी तो भीत भीत उलटा केला. सुनेचा फोटो तिथेच होता, आणि खाली सेकंद धावत होते.

"मी ठेवला!" बाई म्हणाल्या. "माझ्या हाताने ठेवला."

"तुम्ही टेबलावर ठेवलात. बंद नाही केलात. रोज नाही करत."

"मग तू करायचास! घरातली सगळी करतात."

"मोठ्यांच्या आधी फोन ठेवायचा नाही, असं आमच्या आईने शिकवलंय. तुमच्याकडून बंद व्हायची मी वाट बघत बसते." आवाज कोरा नव्हता आज. थरथरत होता. "पहिल्या दिवशी थोडंच ऐकलं आणि बंद केला. दुसऱ्या दिवशी तुम्ही गुडघ्याचं बोलत होतात, म्हणून थांबले. तेव्हाच बंद करायला हवा होता, कळत होतं मला."

"म्हणजे," शिंपीणबाईंनी सावकाश विचारलं, "बाजाराचं..."

"तुम्हीच बोललात, बाजारात जाते म्हणून. त्यात कुठलाही ठिपका नाही. मला तो लावताही येत नाही."

"आणि स्टेशन?" बाई गरजल्या. "स्टेशनला तर फोन खरंच गेला होता!"

"तेही तुम्ही दोघींनी मला ऐकू येईल असंच ठरवलंत. हा घेऊन जा पिशवीतून, दुपारी ती काय बोलते बघू. राग आला मला. म्हटलं, एवढा संशय आहे ना? घ्या, मग विचारतेच स्टेशनचं."

रागवावं तर कोणावर? लाइन उघडी टाकून गावभर बोलणारी गिऱ्हाइकं बाईंनी हजारो पाहिली होती. त्यांना त्या मनातल्या मनात किती हसल्या होत्या.

"ते जाऊ दे," शेवटी त्या म्हणाल्या. "कपाटाचं बोल. ते तर मी डोळ्यांनी पाहिलं."

पलीकडे कोणीतरी दार लावल्याचा आवाज आला. सून बहुधा एकटी झाली.

"ते तुमच्या मुलाने रिकामं करायला लावलं. दार बडवून आले ना त्या दिवशी, तेव्हापासून त्यांनी ध्यास घेतलाय. आईला घेऊन यायचं. तुम्हाला बघून मी लावून घेतलं, कारण तुम्हाला सांगायचं धैर्य मला नव्हतं."

"आणि तुझं काय म्हणणं?"

"वाईट वाटून घेणार नसाल तर सांगते."

"आता काय उरलंय वाईट वाटायचं? बोल."

"मला तुम्ही यायला नको आहात."

शिंपीणबाईंनी टाचण्या पुन्हा तोंडात घातल्या, म्हणजे आपल्याकडून काही निघायला नको.

"काय म्हणालीस?"

"तुम्ही वाईट आहात म्हणून नाही. पण तुम्ही उजाडायच्या आत उठून भांडी वाजवता. मी केलेल्या प्रत्येक गोष्टीला 'असं का' विचारता. मी माझ्या आईकडेही चार दिवसांच्या वर राहू शकत नाही. आपलं जमणार नाही, आई. फोनवर जमतं तेवढंच बरं. म्हणून मीच त्यांना म्हटलं, आधी फोन देऊन बघू, त्यांना जमला तर राहू द्या त्यांना तिथे. ही परीक्षा माझीच कल्पना. पण तुम्ही पास व्हावं म्हणून."

बाईंनी त्या आवाजाकडे कान दिला, पूर्वी बोर्डावर द्यायच्या तसा. लपवलेलं काही सापडलं नाही. एवढं उघडं-वाघडं सत्य त्यांच्या लाइनवर फार थोडे लोक बोलले असतील.

"अगं बये," त्या म्हणाल्या, "मला तरी कुठे यायचंय!"

आधी सून हसली की शिंपीणबाई, ते सांगता येणार नाही. टाचण्या मात्र सगळ्या जमिनीवर गेल्या.

"मग उद्याचं काय?" बाईंनी विचारलं. "तो आला की मला घाम फुटतो. कालचा प्रकार झाल्यावर तो ऐकायचा नाही."

"माझी सुट्टी संपायला थोडा वेळ आहे. आधी तेवढं बंद करायला शिका. तेच ते बघणार."

"मी कोणाची लाइन तोडत नाही."

"तोडू नका. गिऱ्हाइकाने रिसीव्हर घातला की तुम्ही काय करायचात?"

"दिवा लागायचा. मग दोर काढायचे."

"तो लाल गोल म्हणजे दिवा. लागलेलाच असतो. तुम्ही फक्त दोर काढा."

आजवर हे कोणी असं सांगितलं नव्हतं. बाईंनी लाल गोलावर बोट टेकवलं. सून गेली. लगेच पुन्हा फोन वाजला, पुन्हा दोर काढला. मग आणखी एकदा. चौथ्या वेळी बाईंनी हिरवं दाबलं आणि जुन्या, नाकातल्या आवाजात विचारलं, "नंबर प्लीज?" पलीकडच्या रक्त तपासायच्या खोलीत काहीतरी खळकन पडलं.

"आणि आई," सून जाता जाता म्हणाली, "फोन त्यांचाच निवडा. धाकट्या ताईंचा निवडलात तर यांचं मला वर्षभर ऐकावं लागेल."

रविवारी थोरला आला तो चेहरा लांब करूनच. आल्या आल्या त्याने दोन्ही फोन टेबलावर शेजारी शेजारी मांडले. आधी काळा. बाईंनी तो हातातही घेतला नाही. "हा आपला नाही. रोज सकाळी ओळख पटवून द्यायची आणि मग बोलायचं, एवढा मान मी कोणाला दिलेला नाही. धाकटीला परत पाठव."

थोरल्याच्या चेहऱ्यावर लपवता न आलेलं समाधान दिसलं. सुनेने चहाच्या कपात नाक खुपसलं.

मग पाटीएवढा. तो जिन्यात गेला, तिथून फोन लावला. बाईंनी उचलला. तो खालच्या मजल्यावर गेला, तिथून लावला. उचलला, बोलल्या, दोर काढला. बाईंना न सांगता त्यांचा फोन दुसऱ्या खोलीत ठेवून त्याने लावून पाहिला. तिथे जाऊन उचलला. फोटो दाबून त्याला लावायला सांगितला, लावला. एकदा तर बाईंनी त्याच्या आधीच म्हटलं, "तुझं झालं असेल तर मी लाइन मोकळी करते," आणि केली.

"आठ दिवसांत एवढं?" थोरला खुर्चीत बसला. त्याला आनंद झाला होता की हिरमोड, त्याचं त्यालाच ठरवता येत नसावं. "मग शुक्रवारी काय झालं होतं?"

"शुक्रवारी लाइनमध्ये दोष होता," बाई म्हणाल्या. "आता काढला."

"म्हणजे तुला हाच सोपा वाटतो?"

"हाच. पण ती चार चौकटींची बालवाडी काढून टाक. साधी अक्षरं ठेव, मला दिसतात. आणि तो मदत हवी का विचारतो, त्याला गप्प कर. हवी असेल तेव्हा मी सांगेन."

त्याने ते केलं. बराच वेळ खटपट करत राहिला, मान खाली घालून. मग मान वर न करताच म्हणाला, "मागची खोली तुला आवडली असती, असं वाटलं होतं मला. रंगही नवा द्यायचा विचार होता."

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. पांढरे झालेले केस, आणि बोलणं अगदी खिडकीवरून भांडायचा तेव्हाचं. त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "रंग दे की. मी येईन बघायला. चार दिवस."

"चार दिवस ठीक," सून पटकन म्हणाली.

"दोन," बाई म्हणाल्या.

"तीन करा."

"बरं, तीन."

थोरल्याने एकदा आईकडे पाहिलं, एकदा बायकोकडे. कपाळाला आठी पडली. इतकी वर्षं या दोघींमध्ये उभं राहून त्याने निरोप पोचवले होते. इकडचा शब्द जरा मऊ करून तिकडे द्यायचा, तिकडचा इकडे. आज त्याला कोणी विचारलंच नव्हतं.

"तुमच्या दोघींचं एवढं कधीपासून जमायला लागलं?"

"फोनमुळे," सून म्हणाली.

ती खरं तेच बोलली होती. पण संशय हा गुण त्याने आईकडूनच घेतला होता, तो इतक्यावर समाधान मानणारा नव्हता. "अच्छा," तो म्हणाला. मग त्याने खिशातून चष्मा काढून डोळ्यांवर चढवला, तो पाटीएवढा फोन पुन्हा जवळ ओढला, आणि आत काय लपवलंय ते एकेक करून उघडून बघायला लागला.